एक हात बांध

प्रतीक्षा कुठलीही जागा दोनदा मोजायची. सकाळी एकदा, ऊन कलल्यावर एकदा. दोन्ही आकडे जुळले तर नकाशावर सही. नाही जुळले तर उद्या पुन्हा. यात घाई, ओळख, रडारड किंवा कोंबडीचं जेवण यांपैकी कशानेही फरक पडत नसे, आणि चारही उपाय करून पाहिलेले लोक मावळात होते.

देहूरोडला तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई राहायच्या. पुढच्या खोलीतलं टेबल हेच तिचं ऑफिस. भूशास्त्र शिकलेली मुलगी कुठल्या तरी कॉलेजात लागली असती, असं नातेवाईक म्हणत. तिने खासगी मोजणीचं काम धरलं, कारण विद्यार्थी प्रश्न विचारतात आणि बांध विचारत नाहीत.

मोजणीच्या आधी शेजारच्या, म्हणजे कागदाच्या भाषेत 'लगतच्या', खातेदारांना सूचना द्यायची, हा तिचा दुसरा नियम. सूचनेचा मजकूर तिने स्वतः बसवला होता. 'आपली काही हरकत असल्यास जागेवर हजर राहून सांगावी. नंतर सांगायची असल्यास खालील पत्त्यावर यावे. हीच सूचना आपल्या लगतच्या खातेदारांनाही कळवावी, ही विनंती.' शेवटच्या वाक्याचा तिला थोडा अभिमान होता. लोक खरोखरच एकमेकांना कळवत आणि तिचे हेलपाटे वाचत.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन आला.

"मोजणीवाल्या मॅडम का? मी सारिका बोलते, वरच्या वाडीवरनं. आमचा बीच मोजायचाय."

प्रतीक्षाने खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र तिथून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर होता आणि मध्ये सह्याद्री.

"काय मोजायचंय?"

"बीच. तुम्ही या तर, मग बोलू."

कामशेतहून आत वळून, धरणाच्या काठाकाठाने पाऊण तास गेल्यावर वरची वाडी आली. खालची वाडीही होती, पण ती धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेली होती. एकोणीस घरं, एक देऊळ, एक पार. वर राहिलं ते भिमाजीआबांचं घर आणि त्यांच्या शेताची शेवटची पट्टी. रस्त्याकडेला उंबर, उंबराखाली हद्दीचा जुना दगड, तिथून पाण्याकडे उतरत जाणारं गवत.

आणि गवत संपतं तिथून पाण्यापर्यंत नुसते गोटे.

प्रतीक्षा गाडीतून उतरली. पलीकडच्या काठावर तंबूंच्या रांगा, दिव्यांच्या माळा, दिवसाउजेडीही धडधडणारे स्पीकर. या काठावर काही म्हणजे काही नाही. गुळगुळीत, करडे, मुठीएवढे गोटे, त्यांच्या खाली लिंबाएवढे, पाण्याजवळ बोराएवढे. कोणीतरी चाळणीने वेगळे करून मांडावेत तसे. पाणी त्यांच्या कडेला येऊन गप्प थांबलं होतं.

"बघितलं?" सारिका म्हणाली. अठ्ठावीस-तीसची, पदर खोचलेली, हातात मोबाइल. "आता हा फोटो बघा. आमच्या ह्यांच्या कंपनीतले साहेब बायकोला घेऊन गेलते. मेडिटेरेनियन समुद्र. तितं अस्सेच गोटे. गाड्या न्हाईत, हॉटेलं न्हाईत, नुसती शांतता. तेवढ्यासाठी लोक विमानानं जातात. फरक सांगा मला."

प्रतीक्षाने फोटो मोठा करून पाहिला. एक निळी होडी सोडली तर फरक सांगणं खरोखरच कठीण होतं.

"पाण्याचा रंग," ती म्हणाली.

"आपलंबी दहा वाजता निळं होतं. ऊन येऊ द्या."

उंबराला टेकून पाटी उभी केलेली होतीच. 'मेडिटेरेनियन बीच कॅम्प. पिठलं-भाकरी मिळेल.'

सारिकाचा नवरा सुहास वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात होता. तिथेच खोली करून राहायचा आणि रविवारी यायचा. तोही दर रविवारी नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एकत्र काढलेले दिवस सारिकाने मोजले होते; ते वर्षभराचेही भरत नव्हते. कॅम्प सुरू झाला तर तो नोकरी सोडून घरी येणार होता. बुकिंग घेणारी कंपनी तयार होती. तिच्या दोन अटी होत्या: महिनाअखेरपर्यंत मोजणीचा सही केलेला नकाशा, आणि उंबराच्या दगडापासून खालच्या बांधापर्यंत किमान चाळीस मीटर मोकळी जागा.

"एवढी हाय का न्हाई तेवढं सांगा," सारिका म्हणाली. "एक मीटर कमी पडला तर ह्यांना तिकडंच ऱ्हावं लागंल, आणि मला हितं."

तिचे सासरे भिमाजीआबा खाटेवर बसून ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर, कान उत्तम, आवाज त्याहून उत्तम.

"त्या समिंद्रावर पिठलं मिळतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा."

"मंग कशाला जात्यात?"

प्रतीक्षाने एक गोटा उचलला. सह्याद्रीचा काळा दगड फुटतो तो कोनाकोनाने. त्याचा असा गोटा व्हायला लाटा लागतात, नाहीतर जोराची नदी, आणि काही हजार वर्षं. या पाण्याला पन्नासएक वर्षं झाली होती आणि लाट म्हणाल तर बदक गेल्यावर येते तेवढी.

"हे गोटे आधीपासून आहेत?"

"न्हाई," आबा म्हणाले. "धरान भरलं तवा हितं चिखल हुता. मंग येत गेलं."

"कुठून?"

"खालनं."

आबांनी असं सांगितलं की जणू दूधवाला कुठून येतो ते सांगत आहेत.

"इथे आधी कोणी तंबू टाकले नाहीत?"

"टाकलं हुतं एकांनी. सकाळी खुंट्या निघालेल्या. नीट गड्डी बांधून उंबराखाली ठिवल्याल्या."

"वाऱ्याने?"

"आसंल," आबा म्हणाले. "वारा हितला लय व्यवस्थित हाय."

जुन्या नकाशावर पट्टीची खालची हद्द म्हणजे एक बांध होता. तो बांध अजून ओळखू येत होता. गवत संपून गोटे सुरू होतात ती सरळ रेषा म्हणजेच तो, आणि त्याच्या एका टोकाला हद्दीचा दगड. प्रतीक्षाने तिपाईवर यंत्र लावलं, सारिकाला आरशाची काठी धरायला बांधावर उभं केलं आणि अंदाज म्हणून अंतर घेतलं. एक्केचाळीस मीटर सहासष्ट. जुन्या नकाशावरही एक्केचाळीस सहासष्ट. असा दिवस तिच्या धंद्यात वर्षातून एकदा येतो.

"म्हंजे झालं?" सारिकाने विचारलं.

"नाही. ही नुसती पाहणी. लगतच्यांना सूचना द्यायची, आठ दिवस थांबायचं, मग मोजणी. दोनदा."

बांधाच्या खालचं शेत नकाशावर दत्तोबा नावाच्या माणसाचं होतं. आज ते धरणाचं होतं, म्हणून धरणाच्या कचेरीला तिने एक प्रत पाठवायचं ठरवलं. पण कागदावर नाव दत्तोबांचंही होतं.

"त्यांचे वारस कुठे असतात?"

घरातून आबांची बायको चिमाबाई बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाण्याकडे पाहिलं.

"त्याला मूलबाळ न्हाई," आबा म्हणाले. "त्याला तिकडं लांब जमीन दिली हुती सरकारनं. तिकडं तो गेला न्हाई."

"मग इथेच राहिले?"

"हितं तरी कुटं ऱ्हाणार? घर पाण्यात."

"मग?"

"मंग काय! न्हाई बा ठाऊक."

नियमाप्रमाणे खातेदार सापडला नाही तर सूचना त्याच्या जागेवर ठेवायची. प्रतीक्षाने कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, गोट्यांवरून चालत पाण्यापर्यंत गेली, पाकीट ठेवलं, वर एक गोटा ठेवला आणि पुरावा म्हणून फोटो काढला. मागे आबा हसून हसून खोकत होते.

"आवं म्याडम, माशांना वाचता येतं का?"

"वाचून दाखवायचा नियम नाही," प्रतीक्षा म्हणाली. "फक्त द्यायचा."

परत येताना तिला एक गोष्ट जाणवली. गोट्यांवर पाऊल पडलं की करकर आवाज येत होता. यायलाच हवा. पण तो एका पावलाने उशिरा येत होता. ती थांबली. आणखी एक करकर झाली आणि मग तीही थांबली.

डोंगरावरून येणारा प्रतिध्वनी, तिने वहीत लिहिलं. मग अंतर काढून पाहिलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह केलं.

धरणाच्या कचेरीकडून काहीच उत्तर आलं नाही. दत्तोबांकडून आलं.

आठ दिवसांनी ती पोचली तेव्हा प्लॅस्टिकचं पाकीट गोट्याखाली होतं, पण रिकामं. फाटलेलं नव्हतं. वरची चिकटपट्टी उघडून पुन्हा नीट लावलेली होती आणि आत दोन-तीन थेंब पाणी.

"कुणीतरी पर्यटक," प्रतीक्षा म्हणाली.

"व्हय," सारिका म्हणाली. "पर्यटक लय कागद वाचतात."

सकाळची मोजणी: एक्केचाळीस वीस.

प्रतीक्षाने यंत्राचा बुडबुडा तपासला. तापमान तपासलं. बॅटरी बदलली. सारिकाची काठी सरळ आहे का ते जाऊन पाहिलं. सारिका आणि काठी दोन्ही सरळ होत्या. काठी बांधावरच होती. पण बांध...

गवत संपून गोटे सुरू होणारी रेषा तशीच सरळ होती. फक्त तिच्या वरच्या बाजूचं थोडं गवत आता गोट्यांखाली होतं. टोकाचा हद्दीचा दगड मात्र जागच्या जागी उभा होता आणि त्याच्याही पुढे, उंबराच्या बाजूला, गोटे आले होते; दगड आणि बांध आता एका रेषेत नव्हते.

दुपारी चार वाजता: चाळीस चौऱ्याहत्तर.

"घटतंय का वो?" सारिकाने विचारलं.

"आकडे जुळत नाहीत," प्रतीक्षा म्हणाली. ती 'घटतंय' हा शब्द वापरायला तयार नव्हती. आकडा घटत नाही, चुकतो.

"मग पयला धरा ना. एक्केचाळीस वीस. चाळीसच्या वर हाय. करा सही."

"दोन जुळल्याशिवाय नाही."

"मॅडम, मी कोंबडी कापली असती, पण तुमच्याबद्दल ऐकलंय मी."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं आणि सहा वाजता डोळ्यात थेंब घालायचे होते, म्हणून प्रतीक्षा निघाली. रात्रभर तिला झोप लागली नाही असं नाही. ती नियमाने झोपायची. पण सकाळी उठल्यावर तिने दात घासण्याआधी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. दोन्ही वेळा फरक सेंटिमीटरसुद्धा न चुकता सारखा होता. शेहेचाळीस.

चुकीला इतकी शिस्त नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळची मोजणी: चाळीस अठ्ठावीस.

सारिकाने काठी धरूनच खाली पाहिलं. तिच्या चपलेच्या पुढच्या टोकाला गोटे टेकले होते. मघाशी, काठी ठेवताना, ते वीतभर लांब होते. ती शपथेवर सांगायला तयार होती, आणि तिने त्यातला एकही हलताना पाहिला नव्हता. ओले होते सगळे.

"अजून एकदा मोजलं की एकोणचाळीस ब्याऐंशी होईल," प्रतीक्षा म्हणाली. आपण हे मोठ्याने म्हणालो, याचं तिलाच नवल वाटलं.

"मग मोजू नका!"

"मोजल्याशिवाय सही कशी करू?"

"म्हंजे मोजलं तर जाणार आणि न्हाई मोजलं तर सही न्हाई." सारिकाने काठी गवतात आडवी टाकली आणि तिच्या शेजारी बसली. "ह्यांनी काल राजीनामा लिहून खिशात ठेवलाय मॅडम. द्यायचा का न्हाई ते संध्याकाळी सांगते म्हटलं होतं मी."

चिमाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हातारी एरवी कोणाच्या मध्ये बोलायची नाही. तिने कपबशा ठेवल्या आणि विचारलं, "म्याडम, ती शेचाळीस म्हंजे किती?"

"अठरा इंच."

चिमाबाईने आपला हात पुढे केला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत नजर फिरवली आणि हात पदरात घेतला.

"एक हात," ती म्हणाली. आणि खाटेकडे वळली. "सांगताय का मी सांगू?"

आबांनी चहाची बशी तोंडाला लावली. चहा संपला तरी बशी खाली येईना.

"लगीन झाल्यावर पयल्याच महिन्यात," चिमाबाई प्रतीक्षाला म्हणाली, "ह्यो मानूस दिवस मावळला की पहार घिऊन भाईर जायचा. मला वाटलं, बाई हाय कुनीतरी. मी माझ्या भावाला बोलावलं. भाऊ मागं मागं गेला, आन् येऊन म्हनला, आक्का, बाई न्हाई, बांध हाय."

"अगं, येकदाच गेलतो," आबा बशीमागून म्हणाले.

"येकदाच गेलता, पर आठ दिस तयारी चालली हुती."

गोष्ट अशी होती. बांधाला लागून दत्तोबांच्या हद्दीत एक रायवळ आंबा होता. खोबऱ्यासारखा गर. दोघे एका वयाचे, एकत्र गुरं राखलेले, आणि त्या आंब्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलेले. धरणाची मोजणी लागायच्या आदल्या दिवशी भिमाजीने हद्दीचा दगड उपटून एक हात खाली नेऊन पुरला. आंबा त्याच्या बाजूला आला. मोजणी झाली, नकाशा झाला. दत्तोबा ओरडत राहिला, माझी हरकत लिहून घ्या. मोजणारे घाईत होते. शेत पाण्यातच जायचंय तर एक हाताचं काय घेऊन बसलास, असं म्हणून ते निघून गेले.

"आणि आंबा?" प्रतीक्षाने विचारलं.

"पान्यात गेला त्याच साली," आबा म्हणाले. "येक हंगामबी खाल्ला न्हाई."

आबांनी बशी खाली ठेवली.

प्रतीक्षाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि पुढे जे तिने केलं ते करतानाही तो बसला नाही. तिचा विश्वास पद्धतीवर होता. आकडे जुळत नसतील तर कुठली पायरी गाळली ते शोधायचं. सूचना दिली होती. यंत्र तपासलं होतं. एकच पायरी राहिली होती.

"तीन खुर्च्या द्या," ती म्हणाली.

प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या आल्या. दोन गवतात, पाण्याकडे तोंड करून. एकीवर ती, एकीवर आबा. तिसरी तिने स्वतः नेऊन गोट्यांवर ठेवली, त्यांच्याकडे तोंड करून.

"ही कोनाची?" आबांनी विचारलं. विचारताना त्यांनी टोपी काढली.

"लगतच्या खातेदारांची."

सकाळचे दहा वाजले होते. पाणी निळं झालं होतं, सारिका म्हणाली होती तसं. वारा नव्हता. प्रतीक्षाने वही उघडली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं.

"खातेदार दत्तोबा यांना मोजणीची सूचना पोचली आहे. त्यांची काही हरकत असल्यास सांगावी."

करकर.

पाण्याच्या कडेला, बोराएवढ्या गोट्यांमध्ये.

"आपली हरकत असल्यास सांगावी," तिने पुन्हा वाचलं.

करकर. लिंबाएवढ्या गोट्यांमध्ये. पावलं पडत होती तशी, एकेक, सावकाश. गुडघे दुखणाऱ्या माणसाची.

सारिकाने सासूचा हात धरला.

खुर्चीचे मागचे दोन पाय गोट्यांत रुतले. मग पुढचे दोन.

प्रतीक्षाने वहीत वेळ लिहिली. दहा वाजून सात मिनिटं. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं आहे, हे तिने पाहिलं आणि तिला त्याचा आधार वाटला.

"आबा," ती म्हणाली, "बोला."

आबांनी दोनदा घसा खाकरला. "दत्त्या," ते म्हणाले, आणि थांबले. "म्हातारा झालो मी. तूबी झाला असशील."

खुर्ची गप्प.

"येक हात घेतला मी. पहारीनं. आंब्यापायी." त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ह्या म्याडमनी लिहून घेतलंय बघ. तुझी हरकत हाय म्हनून लिहून घेतलंय. त्या वक्ताला कोन लिहीना, आता लिहिलंय."

प्रतीक्षाने ते वाक्य लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"पर दत्त्या, मी घेतला येक, आन् तू घेतलास तीन," आबा म्हणाले, आणि जुना आवाज जरासा परत आला. "ह्येबी लिवा म्याडम."

"आबा, गप!" सारिका म्हणाली.

"का गप? तो आसाच हाय पयल्यापास्नं! गोट्या खेळतानाबी..."

खुर्ची हलली.

आबा उठले. त्यांनी पहार घेतली, बांधाच्या टोकाला गेले आणि हद्दीचा दगड एकट्याने मोकळा केला. कोणी मदत केली नाही. करायची नाही, हे सगळ्यांना न सांगता समजलं होतं. एक हात वर, उंबराकडे, त्यांनी दगड नेऊन पुरला. हाताने मोजून. मग त्यावर पाय दाबून उभे राहिले.

"झालं?" ते म्हणाले. विचारलं कोणाला, ते कोणी विचारलं नाही.

प्रतीक्षाने वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. म्हणजे ती आधीही रिकामीच होती. आता तिचे पाय गोट्यांवर होते.

मोजणी: एक्केचाळीस वीस.

दुपारी चार वाजता: एक्केचाळीस वीस.

गोटे दगडाच्या नव्या रेषेत उभे होते, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. त्यांच्या वरच्या बाजूला दबलेलं, पिवळं पडलेलं गवत होतं, दोन हात रुंद. प्रतीक्षाने नकाशावर सही केली. सारिकाने तिथेच फोन लावला आणि पलीकडून 'हॅलो' येण्याआधी सांगितलं, "द्या तो कागद त्यांच्या टेबलावर!"

त्या संध्याकाळी थेंब घालायला प्रतीक्षाला पंधरा मिनिटं उशीर झाला. वहीत तिने घटनेचं कारण या रकान्यात काहीच लिहिलं नाही. रकाना रिकामा ठेवण्याची तिची ही पहिली वेळ होती. दोन आकडे जुळले होते. तेवढं पुरे.

आठवड्याने सारिकाचा मेसेज आला. सुहास आला होता, पाटी लागली होती, पहिली चार माणसं शनिवारी यायची होती. खाली आणखी एक ओळ होती: 'मॅडम, परवा रात्रीत गोटे लय कमी झालेत. मुठीएवढे तर दिसतच नाहीत. आबा म्हणतात, कुठंतरी कामाला गेले असतील. हा हा.'

प्रतीक्षा तेव्हा तळेगावजवळ एका प्लॉटवर होती. तिने मेसेज वाचला, यंत्र पेटीत ठेवलं आणि दीड वाजता घरी आली.

इमारतीच्या जिन्यात पाणी सांडलेलं होतं. पहिल्या पायरीवर, भिंतीच्या कडेला, एक गोटा होता. मुठीएवढा, करडा, ओला. एक पायरी सोडून दुसरा. आणखी एक सोडून तिसरा. येणाऱ्या-जाणाऱ्याची अडचण होऊ नये असे सगळे एका बाजूला, रांगेत.

ती वर चढत गेली. मोजणं हा तिचा स्वभाव होता. दुसऱ्या मजल्याच्या थोडं वर शेवटचा गोटा होता. अठरा.

खालच्या वाडीत एकोणीस घरं होती.

पुढचे जिने कोरडे होते. ती दारापर्यंत पोचली आणि थांबली. तिच्या मागे, खाली, कुठेच काही वाजलं नाही.

"आलीस?" आई काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती. "अगं, किती वेळ झाला, तुझी माणसं आलीत. गावाकडची दिसतायत. आत या म्हटलं तर येत नाहीत, म्हणतात, नंबर येईल तसं येऊ. मला या चष्म्यातून तोंडं काही दिसली नाहीत, पण बोलायला भारी गोड."

"आई, आत कोण आलं होतं?"

"एकच म्हातारा आला. त्याचं काम तू केलंस म्हणे. मी नुसता सोबत आलोय, यांना घर माहीत नव्हतं, असं म्हणाला. तुझ्या कागदात लिहिलं होतं ना, सगळ्यांना कळवा म्हणून? त्याने कळवलं." आई हसली. "चहा दिला त्याला. आता बाकीच्यांना किती टाकू, ते सांग."

टेबलासमोरच्या खुर्चीत एक गोटा होता. हा कोरडा होता.

त्याच्यापुढे कप होता, रिकामा. तळाशी चमचाभर गाळ होता, धरणाचा, अजून ओला.